पेल्यांवरची नावं

आमच्या समितीचं नाव इतकं लांबलचक होतं की लेटरहेडवर ते दोन ओळींतही मावायचं नाही. तिसऱ्या ओळीत 'समिती' हा शब्द एकटाच येऊन बसायचा. त्या नावात दुर्बल होते, उपेक्षित होते, प्रकल्पग्रस्त होते, उच्च शिक्षण होतं आणि समान संधीही होती. माणसं मात्र फक्त चार होती आणि त्या चारांत दुर्बल, उपेक्षित किंवा प्रकल्पग्रस्त असं कुणीच नव्हतं. चौथी मी.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. नवी मुंबईला तेव्हा आम्ही सगळे न्यू बॉम्बे म्हणायचो. वाशीच्या पुलावरून बसने आलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला सरकारी इमारतींचे एकसारखे ठोकळे आणि मधे नुसती उघडी जमीन. माझा एका खोलीचा फ्लॅट ज्या सेक्टरात होता, तिथे आधी कुणाचं तरी भातखाचर होतं. कुणाचं होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. ज्यांचं होतं ती माणसं हाकेच्या अंतरावर, खाडीकाठच्या गावांत राहत होती. आमच्यातल्या बायका त्यांच्याकडून मासळी घ्यायच्या आणि भाव पाडून मागायच्या, एवढाच आमचा संबंध.

वाशीतल्या एका नव्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचे. अजून कायम झाले नव्हते. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने मोठ्या मनाने बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या दोन जागा आमच्या समितीच्या हवाली केल्या होत्या. फी माफ, पुस्तकं कॉलेजची. दोन जागा, आणि त्या वाटायला चार माणसं. एवढ्या सामग्रीवर आम्ही समाजातली विषमता दूर करायला निघालो होतो.

अध्यक्ष मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले होते. निवृत्त झाले ते खुर्चीतून, टिपणीतून झाले नव्हते. चहात साखर कमी पडली तरी तीन मुद्द्यांत सांगायचे. संस्थेच्या कार्यकारिणीवरही तेच, त्यामुळे मला कायम करायच्या कागदावर त्यांची सही लागणार होती. दुसऱ्या सभासद म्हणजे एक समाजसेविका बाई. खादीच्या साड्या, मोठं कुंकू, आणि गरिबांविषयी बोलताना आवाज एकदम खाली आणायची सवय. घरात कुणी आजारी असल्यासारखा. तिसरे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. जमिनीच्या मोबदल्याचा पैसा गावकऱ्यांनी कसा उधळला, यावर त्यांचा एक सिद्धांत होता. तो ते समोर कुणीही बसलं तरी सांगायचे. एकदा बसकंडक्टरला सांगताना मी स्वतः ऐकलंय. आणि मी चिटणीस. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून मला घेतलं होतं. दुसरं काही कारण होतं असं समजण्याइतकी मी तेव्हाही खुळी नव्हते.

अध्यक्ष एकदा आमच्याकडे जेवायला आले होते. माझ्या नवऱ्याला वाटलं, सही लवकर होईल. आमच्या घरात तेव्हा सहा स्टीलची ताटं आणि एक घडीची खुर्ची होती. समोरच्या बिऱ्हाडातून मी चिनी मातीचा निळ्या फुलांचा डिनर सेट आणला, खालच्या मजल्यावरून दोन वेताच्या खुर्च्या आणल्या, आणि टेबलक्लॉथ माझ्या नणंदेने पाठवला. अध्यक्षांनी निळ्या फुलांच्या ताटलीत श्रीखंड खाल्लं आणि जाताना नवऱ्याला म्हणाले की घर फार नीटनेटकं ठेवलंय तुमच्या मिसेसनी, याला म्हणतात संस्कार. त्यांच्या तोंडून संस्कार हा शब्द एकदा बाहेर पडला की माणसाचं काम झालंच म्हणून समजायचं.

तर, त्या वर्षी आमच्याकडे एका मुलीचा अर्ज आला. खाडीकाठच्या गावातली, बाप मिठागरावर मजूर. गावातून सायन्सला बारावी पास झालेली ती पहिलीच मुलगी. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती माझ्याच वर्गात होती, म्हणून मला ती चांगली ठाऊक होती. तिला केमिस्ट्री यायची. पाठ असायची असं नाही, यायची. ब्युरेटच्या काचनळीतून एकेक थेंब सोडताना बाकीची पोरं घाई करून रंग घालवायची, ही मात्र श्वास धरून उभी असायची आणि बरोबर त्या थेंबाला हात थांबवायची. स्फटिक कसे बनतात हे मी फळ्यावर शिकवत होते तेव्हा तिने हात वर करून सांगितलं होतं की दुपारी वारा पडला की मिठागराच्या कोंडीतल्या पाण्यावर आधी साय धरते, तेव्हा पाणी ढवळायचं नसतं, नाहीतर मीठ बारीक येतं. पुस्तकात हेच अर्ध्या पानात लिहिलेलं होतं, आणि तेही नीट नाही.

कॉलेजची सायन्सची यादी तिच्या गुणांच्या जरा वरच बंद झाली. दुसरी कॉलेजं होती ती खाडीपलीकडे मुंबईत, आणि बापाने स्पष्ट सांगितलं होतं की वाशीपर्यंत शीक, खाडी ओलांडायची नाही. म्हणजे समितीची जागा मिळाली तर बीएस्सी, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. स्थळ ठरल्यातच जमा होतं. हे तिने मला प्रयोगशाळेत उभ्या उभ्या सांगितलं. विनवणी म्हणून नव्हे, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

दोन जागांपैकी एक आधीच एका विधवेच्या मुलाला देऊन झाली होती, तिच्याविषयी वाद नव्हता. उरली एक. तिच्यासाठी अर्ज दोन होते: ही मुलगी, आणि वाशीतच राहणाऱ्या एका कारकुनाचा मुलगा.

अशा वेळी आमची समिती गृहभेट घ्यायची. ही गृहभेट म्हणजे अध्यक्षांच्या बुद्धीचं अपत्य. त्यासाठी त्यांनी एक छापील पत्रक केलं होतं. त्यात रकाने: घड्याळ, रेडिओ, खुर्च्या, पलंग, धातूची भांडी, स्त्रियांच्या अंगावरील दागिने. चारपेक्षा जास्त रकान्यांत खूण झाली की नाव बाद. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे भेटीच्या आठ दिवस आधी आम्ही लेटरहेडवर रीतसर पत्र पाठवायचो की समितीचे मान्यवर सदस्य अमुक दिवशी सकाळी आपल्या निवासस्थानी येत आहेत. न सांगता कुणाच्या घरी जाणं असभ्यपणाचं, असं समाजसेविका बाईंचं मत. गरिबी तपासायला जायचं, पण आगाऊ कळवून, शिष्टाचार पाळून. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच.

त्या पत्रातला 'मान्यवर' हा शब्दही माझ्याच सुवाच्य अक्षरात होता.

कारकुनाकडे आम्ही शनिवारी गेलो. फ्लॅट माझ्याच फ्लॅटच्या मापाचा, पण आत एक चटई, एक पाण्याचा माठ आणि भिंतीवर देवाचं एक कॅलेंडर. कारकून बिनइस्त्रीच्या सदऱ्यात हात जोडून उभा. बायकोने पाणी दिलं तेही ॲल्युमिनियमच्या भांड्यातून. समाजसेविका बाईंचा आवाज इतका खाली गेला की ऐकूच येईना. मी मात्र फरशीकडे बघत होते. भिंतीलगत फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा पांढरा होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांत गंजाचे चार गोल डाग होते. तिथे कालपर्यंत कपाट होतं, हे सांगायला केमिस्ट्री लागत नाही. निघताना शेजारचं दार किंचित उघडं होतं, त्यातून एकावर एक रचलेल्या खुर्च्या दिसल्या. त्या माणसाने बावीस वर्षं सरकारी ऑफिसात काढली होती. छापील पत्रकात काय असतं हे त्याला न बघताच माहीत होतं.

रविवारी आम्ही खाडीकाठच्या त्या गावात गेलो. बरोबर फोटोग्राफर होता, कारण अध्यक्षांना स्मरणिका काढायची होती. बस सोडून चिखलातून चालत जाताना प्राध्यापक मोबदल्याचा सिद्धांत सांगत होते. गावात शिरताच मला जाणवलं की आम्ही येणार हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. अंगणं सारवलेली होती. मुलीच्या दारात रांगोळी होती. आणि मग आम्ही घरात शिरलो.

आत सहा खुर्च्या होत्या. दोन लोखंडी, दोन लाकडी, एक वेताची, एक केशकर्तनालयात असते तसली मान टेकायची. एका कोनाड्यात रेडिओ होता, त्यावर क्रोशाचा रुमाल. भिंतीवर घड्याळ होतं, ते लावायला खिळा नुकताच ठोकलेला होता, खाली माती पडलेली दिसत होती. पलंगावर नवी चादर. मुलीच्या आईच्या गळ्यात सोन्याची जाड माळ होती आणि तिच्यावर सारखा तिचा हात जात होता. स्वतःच्या दागिन्यावर बाईचा हात असा जात नाही. हे मला ठाऊक होतं, कारण मीही माझ्या लग्नात आत्याचा हार घातला होता.

बापाने आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं आणि मान टेकायच्या खुर्चीवर अध्यक्षांना बसवलं. मग जेवण आलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, चिवणीचं कालवण, त्यात अंड्यांनी भरलेले मासे, भात, आणि समाजसेविका बाई मासळी खात नाहीत हे कळल्यावर दोन मिनिटांत कुठूनशी आलेली वालाची उसळ. चिवणी आषाढातच, पाण्याच्या ओढीला धरावी लागते. त्यासाठी बाप आणि चुलता पहाटेपासून पाण्यात उभे होते, हे मुलीने मला नंतर सांगितलं. अध्यक्षांनी तीन वेळा कालवण घेतलं. बोटं चाटली. प्राध्यापकांनी भाकरीचं कौतुक केलं आणि उजव्या हाताने भाकरी मोडता मोडता डाव्या हाताने पत्रकात खुणा केल्या. त्यांचं हे कसब मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही.

मला पाणी दिलं ते स्टीलच्या पेल्यातून. पेला तोंडाला लावताना सवयीने मी काठाखाली कोरलेलं नाव वाचलं. ते या घरातलं नव्हतं. ताटावर वेगळंच नाव होतं, वाटीवर आणखी तिसरं. शेजारी अध्यक्षांच्या पेल्यावर चौथं. आपल्याकडे लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नावं कोरतात ती का, हे त्या दिवशी मला समजलं. दुसऱ्याच्या घरी गेलेलं भांडं परत यावं म्हणून. अख्ख्या आळीने त्या सकाळी आपापली मांडणी उतरवून या घरात आणून दिली होती. लेकीसाठी शहरातून मोठी माणसं येणार, तर गावाची लाज राहिली पाहिजे.

मी मान वर केली तेव्हा मुलगी माझ्याकडेच बघत होती. मी नाव वाचलं हे तिला कळलं होतं. ती किंचित हसली. बाईंना समजलं, आता काळजी नाही, असं ते हसू होतं. तिचा हा विश्वास आठवला की अजून स्वतःचा राग येतो.

त्याच दिवशी संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी बैठक झाली. पोटात कालवण जिरायचं होतं आणि निर्णय झाला. सहाच्या सहा रकाने भरले होते. प्राध्यापक म्हणाले की त्यांचा सिद्धांत डोळ्यांसमोर सिद्ध झाला. समाजसेविका बाई म्हणाल्या, त्या कारकुनाच्या घरातली ती एकच चटई मला रात्री झोपू देणार नाही. अध्यक्षांनी मला सांगितलं, लिहा, कौटुंबिक परिस्थिती समाधानकारक असल्याने अर्ज विचारात घेता आला नाही.

मी काय केलं? लिहिलं. पेल्यांवरची नावं जिभेवर होती. फरशीवरचा पांढरा चौकोनही होता. पण माझा कायम होण्याचा कागद अध्यक्षांच्या टेबलावर, त्याच खोलीत, एका निळ्या फायलीत होता, आणि मला ती फाईल बसल्या जागेवरून दिसत होती. इतर तिघांना मी आजवर नावं ठेवत आले. पण ते निदान मूर्ख तरी होते. मला सगळं दिसत होतं.

आठ दिवसांनी मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. यादी लागली होती. ती रडली वगैरे नाही. तिने एवढंच विचारलं की कारण काय लिहिलंय. मी सांगितलं. ती समजावल्यासारखी म्हणाली की त्या वस्तू आमच्या नव्हत्या, मॅडम, तुम्ही तर नावं वाचलीत, तुम्ही साहेबांना एकदा सांगाल का? मी म्हटलं, सांगते. आणि खरंच सांगायचं ठरवलं. धीर आला होता, कारण माझं कायम झाल्याचं पत्र आदल्या शुक्रवारी हातात पडलं होतं. माझ्या धैर्याची जात ही अशी.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. सगळं सांगितलं. खुर्च्या कुणाच्या, घड्याळाचा खिळा, आईच्या गळ्यातली माळ, ताटा-पेल्यांवरची नावं. पाहुण्यांसाठी आळीने दिलेल्या वस्तू आहेत, त्यांचं स्वतःचं घर रिकामं आहे. मग कारकुनाच्या फरशीवरचा चौकोनही सांगितला. तो भाग कुणी ऐकलाच नाही. एका सुशिक्षित कुटुंबाविषयी तुम्ही काय बोलताय, असं समाजसेविका बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज अजिबात खाली नव्हता.

अध्यक्षांनी मात्र माझं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "वस्तू त्यांच्या असतील तर ते गरीब नाहीत. आणि वस्तू त्यांच्या नसतील तर त्यांनी समितीची फसवणूक केली. दोन्ही बाजूंनी निर्णय एकच येतो."

प्राध्यापकांनी मान डोलावली. असा तिढा सोडवायला प्रशासनाचा अनुभव लागतो, असं ते म्हणाले. कारकुनाने समितीला वस्तू लपवून फसवलं त्याला साधेपणा म्हणायचं आणि मिठागरवाल्याने पाहुण्यांचा मान राखला त्याला फसवणूक म्हणायचं, हे तर्कशास्त्र मंत्रालयाच्या कुठल्या मजल्यावर शिकवतात कोण जाणे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आमच्या जातकुळीची जुनीच रीत. समितीने त्या रीतीसाठी फक्त पत्रक छापून घेतलं होतं. इतिवृत्तात मी 'अर्जदाराने दिशाभूल केल्याचे निदर्शनास आले' हे वाक्य लिहिलं. त्याखाली सही माझी आहे. त्यानंतर महिनाभराने मी समिती सोडली, तीही प्रकृतीचं कारण देऊन. ते कारणही खोटंच.

पण त्याआधी, त्या बैठकीनंतरच्या रविवारी, मी एकटी त्या गावात गेले. पत्र न पाठवता. तोंडाने सांगायला हवं एवढी तरी लाज शिल्लक होती.

घर ओळखू येईना. त्या खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. पलंगाच्या जागी गुंडाळलेलं अंथरूण, कोनाड्यात रेडिओच्या जागी रॉकेलची चिमणी आणि मुलीची बारावीची पुस्तकं. भिंतीत तो खिळा तसाच होता. समितीने आणि फोटोग्राफरने त्या दिवशी हे घर पाहिलं असतं तर समाजसेविका बाईंना आयुष्यभर झोप लागली नसती. मला बघून आई गडबडली. तिने धाकट्या पोरीला डोळ्यांनी खुणावलं. पोरगी मागच्या दाराने पळाली आणि मिनिटभरात शेजारून लोखंडी खुर्ची ओढत घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात स्टीलचा पेला होता. मी नको नको म्हणत होते. माझं ऐकून कोण घेतंय? मला खुर्चीवर बसवलं, पेल्यातून चहा दिला. घरची माणसं जमिनीवर बसली.

मी सांगितलं. समितीने पुन्हा विचार केला, नाव बादच राहिलं. फसवणूक हा शब्द मी गाळणार होते, पण मुलीने सरळ विचारलं, वस्तू आमच्या नाहीत हे कळल्यावर काय म्हणाले? मग सांगावा लागला.

बाप तळहातावर मिठाने पडलेल्या भेगा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबत राहिला. मग म्हणाला, "पाव्हना घरान आला तं त्याला खुर्चीव बसवाचा, घास वाराचा. तो गरिबी बगाला आला म्हून काय त्याला उपाशी धाडाचा? आमाला नाय जमाचा."

एवढं बोलून तो उठून बाहेर गेला. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि तेवढंही सुख माझ्या वाट्याला यायचं कारण नव्हतं.

मी चहा संपवत होते. मुलगी माझ्यासमोर बसली होती, पायाशी. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं पाव्हने येतात तवा तुमी काय करता?"

वर्गात प्रश्न विचारायची तशीच तिने हे विचारलं, उत्तर हवं म्हणून. टोमणा असता तर मी टाळला असता. मी तिला खरं सांगितलं. अध्यक्ष जेवायला आले तेव्हा समोरच्यांकडून आणलेला निळ्या फुलांचा सेट, खालच्या मजल्यावरच्या वेताच्या खुर्च्या, नणंदेचा टेबलक्लॉथ. घरातलं फक्त श्रीखंड, आणि तेही डेअरीतून आणलेलं.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "तेच सायब?"

मी हो म्हटलं.

"मग तुमाला काय बोल्ले?"

मी म्हणाले, "घर नीटनेटकं ठेवलंय म्हणाले. मग मला कायम केलं."

ती हसेल किंवा रडेल असं मला वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. ब्युरेटसमोर उभी राहायची तशी क्षणभर स्थिर राहिली. मग माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, मागच्या दारी नेऊन राखेने घासला, पदराने पुसला, आणि तो ज्यांचा होता त्यांच्याकडे परत द्यायला गेली. खुर्ची मीच उचलून दाराबाहेर ठेवली. ती परत यायच्या आत मी रस्त्याला लागले होते.

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, उरणच्या बाजूला. बोलावणं आलं होतं, मी गेले नाही. पुढच्या वर्षी समितीची स्मरणिका निघाली आणि सोडून गेलेली चिटणीस म्हणून मलाही एक प्रत पोस्टाने आली. पहिल्याच पानावर त्या रविवारचा फोटो आहे. मान टेकायच्या खुर्चीवर अध्यक्ष, हातात पेला, मागे दाराच्या चौकटीला टेकून ती मुलगी. खाली छापलंय, समितीच्या प्रयत्नांतून उच्च शिक्षणाच्या प्रवाहात आलेलं एक कुटुंब. त्या कॉलेजात मी पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवलं. दर वर्षी स्फटिकांचा धडा आला की वारा पडल्यावर पाणी ढवळायचं नसतं हे मी मुलांना सांगायचे, आणि मुलांना वाटायचं की हे बाईंचं स्वतःचं ज्ञान आहे. मी त्यांना तसं वाटू दिलं.